पाठीवर जेमिमा, वय ५४

पत्र:

“ताई, मी ५४ वर्षांची. दादरला राहते, एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. क्रिकेटचं वेड लहानपणापासूनचं, पण सगळं टीव्हीसमोर बसून. २ नोव्हेंबर २०२५ ला भाची मला हट्टाने नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर घेऊन गेली, बायकांच्या वर्ल्ड कपची फायनल बघायला. स्टेशनबाहेर तिने साडेतीनशे रुपयांचा निळा शर्ट घेतला आणि ड्रेसवरूनच माझ्या अंगात चढवला. पाठीवर जेमिमा रॉड्रिग्जचं नाव आणि ५ नंबर. पाऊस, उशीर, आणि मग ती मॅच! रात्री दीडला घरी आले ती तशीच. मुलाने दार उघडलं आणि म्हणाला, ‘आई, हे काय? वय काय आपलं?’ तो २४ वर्षांचा आहे आणि स्वतः आर्सेनल या फुटबॉल क्लबचा शर्ट घालून झोपतो. ह्यांनी काही न बोलता कूस बदलली. तुळशीच्या लग्नाला सगळे जमलो तेव्हा जाऊबाईंनी चारचौघांत विचारलं, ‘काय हो, बॅटिंगला कधी उतरताय?’ तेव्हापासून शर्ट कपाटात, साड्यांच्या खाली. आता भाची पुन्हा तिकिटं काढतेय. वरून कुर्ता घालून निघावं आणि आत गेल्यावर काढावा, असं मनात आहे. या वयात घालावा का? आणि तो नकली आहे, त्याचंही मनाला लागतं. — एक चाहती, दादर”

ताई,

साड्यांच्या खाली आपण काय ठेवतो? एफडीच्या पावत्या, बांगड्यांची डबी, आणि मुलांच्या जावळाची पुडी. म्हणजे त्या साडेतीनशेच्या शर्टाची किंमत तुम्ही आधीच ठरवून टाकली आहे. मला विचारायचं ते फक्त उरलंसुरलं.

तरी उत्तर आधी देते, नाहीतर शेवटपर्यंत धाकधूक राहील. घाला. आणि घरातूनच घालून निघा.

आता तुमच्या चिरंजीवांकडे वळू. ‘वय काय आपलं’ म्हणताना तो नकळत इतिहास बोलून गेला. खेळाडूंसारखा हुबेहूब शर्ट दुकानात विकायची टूम निघाली ती १९७० च्या दशकात, इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये. ॲडमिरल नावाच्या कंपनीने लीड्स युनायटेड या क्लबशी करार केला आणि खेळाडूंचा शर्ट बाजारात आणला. गिऱ्हाईक कोण, तर शाळकरी पोरं. बापाने पोराला वाढदिवसाला शर्ट घेऊन द्यायचा आणि स्वतः कोट-मफलरात मॅचला जायचं, अशी रीत होती. बापाच्या अंगात तोच शर्ट सर्रास दिसायला पुढचं दशक उजाडावं लागलं. तेव्हा मुलाला सांगा, बाबा रे, मुद्दा बरोबर आहे, पन्नास वर्षं उशिरा आला एवढंच.

आपल्याकडची गोष्ट तर त्याहून गमतीची. आपल्या क्रिकेटमध्ये विकायला शर्टच नव्हता. रंगीत कपडे आले ते ऑस्ट्रेलियातल्या टीव्हीवाल्या केरी पॅकरमुळे. त्याने १९७७ ला ऑस्ट्रेलियात आपले वेगळे सामने मांडले, त्यातून. वर्ल्ड कपमध्ये रंग यायला १९९२ उजाडलं. कपिलच्या टीमने २५ जून १९८३ ला लॉर्ड्सवर कप उचलला तो पांढऱ्या कपड्यांत. तोपर्यंत टीमचा पोशाख आणि चर्चगेटला उतरणाऱ्या कारकुनाचा पोशाख एकच, पांढरा शर्ट आणि पांढरी पँट.

वानखेडेवरची पहिली टेस्ट जानेवारी १९७५ ची, वेस्ट इंडिजविरुद्ध. स्टेडियम नवंकोरं. मी अकरा वर्षांची होते, गिरगावातून चालत गेलो आम्ही. वडिलांच्या अंगात पांढरा हाफ शर्ट, पांढरी पँट, डोक्यावर चारही टोकांना गाठ मारलेला रुमाल. पिशवीत पोळी आणि बटाट्याची भाजी. त्या टेस्टमध्ये क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ केल्या. आज तो दिवस आठवते तेव्हा जाणवतं, लॉइडच्या अंगात जे होतं तेच वडिलांच्या अंगात होतं. चष्मा आणि रुमाल सोडला तर फरक नाही. सगळा स्टँड टीमचा पोशाख घालून बसला होता, सगळे चाळिशी-पन्नाशीचे, आणि कुणाच्या बायकोने कुणाला विचारलं नाही की वय काय आपलं. टीमने रंग बदलला, आपण बदलला. म्हटलं तर एवढंच झालंय.

आणि कपडे घालून गर्दीत सामील व्हायचं, हे मुंबईला कुणी शिकवायला नको. गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत या. साठीच्या बायका नऊवारी, नथ, फेटा, वर काळा गॉगल, आणि खाली बुलेट. त्यांना कुणी विचारतं का की लढाईला कधी निघताय? दहीहंडीला अख्ख्या पथकाच्या पाठीवर पथकाचं नाव आणि छातीवर त्या वर्षीच्या नेत्याचा हसरा फोटो असतो. खालच्या थरात उभे राहणारे काही तुमच्या-माझ्या वयाला टेकलेले असतात, पोट सुटलेले, मुलींची लग्नं झालेले. तो टीशर्ट घातल्याशिवाय ते त्या थरातले वाटतच नाहीत. गणपतीच्या मंडळाचा कुर्ताही तसाच. सणाचा कपडा अंगात आला की माणूस सणाचा होतो. मॅच हा आपल्याकडे सणच आहे, फक्त पंचांगात नसतो.

मग मुलाला खटकलं काय? मला वाटतं, शर्टापेक्षा तुम्ही खटकलात. रागावू नका. मुलाने आईला हजार वेळा पाहिलेलं असतं, पण त्याच त्या चार जागी: ओट्यापाशी, देवापाशी, ऑफिसला निघताना पर्समध्ये पास शोधताना, आणि रात्री टीव्हीसमोर भाजी निवडताना. रात्री दीड वाजता, घसा बसलेला, गालावरचा तिरंगा घामाने ओघळलेला, परक्या मुलीचं नाव पाठीवर घेऊन दारात उभी असलेली बाई त्याला एकदम ओळखूच आली नाही. (गालावरचा तिरंगा तुम्ही लिहिलेला नाही. पण भाची बरोबर होती म्हणताय, तर असणारच.) त्याला थोडा वेळ द्या. माझ्या मुलीला तर मी पोहायला शिकले तेव्हाही असंच झालं होतं, वर्षभर ती माझ्या स्विमिंग कॉस्च्युमकडे बघायची नाही.

आणि त्याच्या आर्सेनलबद्दल. दादरला वाढलेला मुलगा लंडनच्या क्लबचा शर्ट घालतो, छातीवर दुबईच्या विमान कंपनीचं नाव, २००६ पासून तेच आहे, आणि त्यात झोपतो. माझं काही म्हणणं नाही. रात्री-अपरात्री उठून तो मॅच बघत असेल तर शर्ट त्याने कमावलाय. पण मग तुम्ही तर बघायलाही गेलात, पावसात थांबलात, शेवटची विकेट पडेपर्यंत उठला नाहीत. हिशेब मांडायचाच झाला तर तुमचं खातं भारी आहे. त्याला एकदा सहज विचारा, ‘तू आर्सेनलच्या मैदानावर कधी गेलास रे?’ आणि लगेच चहा टाकायला निघून या.

आता असा शर्ट घालताना काय चुकतं, ते मला घरच्या अनुभवाने ठाऊक आहे. २०२४ ला टीम बार्बाडोसहून कप घेऊन आली आणि ४ जुलैला मरीन ड्राइव्हवर मिरवणूक ठरली. आमच्या मिस्टरांनी त्याआधीच खास ‘प्लेअर व्हर्शन’ मागवला होता, खेळाडू घालतात तो, जवळजवळ पाच हजारांचा. खेळाडूंच्या पोटावर काही नसतं, त्यामुळे तो शर्ट त्या हिशेबाने बेतलेला असतो, अंगालगत. मिस्टरांना तो उशीला आखूड अभ्रा घालावा तसा बसला. वरून इस्त्री केली! मी बाहेर गेले होते. गरम इस्त्री थेट छातीवरच्या अक्षरांवर. इंडियाचा शेवटचा ‘ए’ इस्त्रीच्या तव्याला चिकटला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या ऑफिसच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशावर उमटला, उलटा, केशरी. तो अजून गेलेला नाही. मिरवणुकीला ते ‘इंडि’ घालूनच गेले आणि चपला हरवून अनवाणी परतले, पण असा खूश माणूस मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

म्हणून: प्लेअर व्हर्शनच्या नादी लागू नका. ढगळ कापाचा घ्या, नेहमीपेक्षा एक माप मोठा. पुरुषी कापाचा शर्ट आपल्याला खांद्यात सैल आणि कमरेत अडकतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना चीर असलेला मिळाला तर उत्तम. खाली लेगिंग किंवा सलवार बिनधास्त. इस्त्री अजिबात नको. उलटा करून, गार पाण्यात, वेगळा धुवा. फुटपाथवरचा असेल तर तो वेगळा धुवाच, नाहीतर घरातल्या सगळ्यांचे बनियन भारतीय संघात जातील.

नावाचं काय? इथे माझी मतं जरा कडक आहेत. पाठीवर स्वतःचं नाव छापून घेणाऱ्यांना मी समजू शकत नाही. ‘प्रकाश १०’ बघितलं की मला शाळेच्या वॉटर बॅगवरची पट्टी आठवते. त्यातून १० नंबर म्हणजे सचिनचा. २०१७ ला शार्दूल ठाकूरने तो घातला तर केवढी ओरड झाली, आणि पुढे तो कुणालाच दिला नाही. धोनीचा ७ नंबरही २०२३ मध्ये बाजूला काढून ठेवला. आपल्या पालघरच्या शार्दूलला जो १० नंबर पचला नाही तो आपण कशाला घ्यायचा? खेळाडूचं नाव घ्यायचं तर मात्र थोडं जपून. खेळाडू टीम बदलतात, कप्तानी जाते, आणि शर्ट आपल्याच अंगावर राहतो. २०२४ ला वानखेडेवर काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. रोहितची कप्तानी हार्दिककडे गेली आणि मुंबई इंडियन्सचे निळे शर्ट घातलेले हजारो लोक मुंबई इंडियन्सच्याच कप्तानाची हुर्यो उडवत होते. पाठीवर रोहितचा ४५ नंबर, तोंडात शिव्या, आणि समोर आपलीच टीम. त्या दिवसांत मला शर्टाची पहिल्यांदा लाज वाटली. रोहितच्या नावाचा आता तिथे स्टँड आहे, त्याला तरी त्या हुर्योचा काय उपयोग झाला? वयाचा प्रश्न असलाच तर तो इथे येतो. चोविसाव्या वर्षी असं ओरडलेलं खपतं, चोपन्नाव्या वर्षी शर्ट घालून स्टँडमधल्या पोराला ‘गप बस, आपलाच आहे तो’ म्हणता आलं पाहिजे.

तुमची निवड मात्र लाखात एक. वांद्र्याची मुलगी. ३० ऑक्टोबरला तुमच्याच डी. वाय. पाटीलवर, सेमीफायनलला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ चा पाठलाग, आणि ही नाबाद १२७. बायकांच्या वनडेत एवढा पाठलाग त्याआधी कुणी केलेला नव्हता. ते नाव पाठीवर असताना मान खाली घालायची काही गरज नाही.

कुठे घालू नये, हेही सांगून टाकते, कारण तुम्ही विचारलं नाहीत तरी कुणीतरी विचारेलच. साखरपुड्याला नको. कुणाला भेटायला दवाखान्यात जाताना नको. मुलाच्या होणाऱ्या सासरी पहिल्यांदा जाताना तर नकोच नको. मॅच असेल त्या दिवशी दूध आणायला, बँकेत, भाजीला, खुशाल. मॅच नसलेल्या मंगळवारी घातलात तरी गुन्हा नाही, पण मजा नाही. जिलबी रोज खाऊन बघा.

आता तो कुर्ता. वरून कुर्ता घालून निघायचं आणि आत गेल्यावर काढायचा, हा बेत मनातून काढून टाका, आणि तो फक्त लाजेच्या कारणासाठी नाही. स्टेडियमवर पिशवी आत नेऊ देत नाहीत. पाण्याची बाटली नाही, पॉवर बँक नाही. मग काढलेला कुर्ता ठेवणार कुठे? सात तास मांडीवर घडी करून बसणार? चौकार गेला की टाळ्या वाजवायच्या की कुर्ता सांभाळायचा? आणि दुसरं म्हणजे, शर्टाची खरी गंमत स्टेडियमच्या आत संपलेली असते. आत सगळेच निळे. गंमत जाताना असते. दादरला तुम्ही एकट्या निळ्या. कुर्ल्याला जिना चढून हार्बरच्या प्लॅटफॉर्मवर आलात की दहा-बारा निळे दिसतात आणि उगाच हायसं वाटतं. मानखुर्दपर्यंत डबा अर्धा निळा. वाशीच्या पुलावर कुणीतरी अनोळखी मुलगी तुमची पाठ वाचते आणि विचारते, ‘काकू, काय वाटतं, टॉस जिंकून काय घेतील?’ तुम्ही काय घालून आला आहात त्यावरून कुणी तुमचं मत विचारलंय, असं शेवटचं कधी झालं होतं? साडी नेसून बघा, फार तर साडी कुठून घेतली ते विचारतील.

नकली शर्टाचं मनाला लावून घेतलंत, याचं मला कौतुक वाटलं, कारण मुंबईत ‘फर्स्ट कॉपी’ हा शब्द लोक अभिमानाने सांगतात. खोटं का बोलू, आमच्या घरातही दोन आहेत, चर्चगेटच्या फुटपाथवरचे. मॅचच्या आधी चारशे, आपल्या पाच विकेट पडल्या की दोनशे, असा त्यांचा शेअर बाजार चालतो. पण दुसऱ्याचं बोधचिन्ह चोरून छापलेला माल आहे तो, हे खरंच. ज्याने विकला त्याचं पोट त्यावर आहे, हेही खरं. माझा मार्ग असा: आहे तो फेकू नका, त्याला फायनल लागलीय. पुढचा घ्याल तो अधिकृत घ्या. साधा ‘फॅन’ टीशर्ट हजाराच्या आसपास मिळतो, पाच हजारांत जायची गरज नाही. एक गोष्ट मात्र बघून घ्या, छातीवर काय लिहिलंय ती. आपल्या टीमच्या छातीवर सहारा झालं, स्टार झालं, ओप्पो, बायजूज, ड्रीम इलेव्हन झालं, आता अपोलो टायर्स. आपण पैसे देऊन त्यांची पाटी अंगावर मिरवायची, हे मला कधीच पटलेलं नाही. वर्ल्ड कपच्या शर्टावर छातीवर नुसतं देशाचं नाव असतं. तसा मिळाला तर तोच घ्या. (आणि मुंबईने रणजी ४२ वेळा जिंकली, त्या टीमचा शर्ट फुटपाथवर मला एकदाही दिसलेला नाही. कुणी विकत असेल तर मला कळवा, मी माप पाठवते.)

राहिल्या जाऊबाई. त्यांच्यावर चिडू नका. ‘बॅटिंगला कधी उतरताय’ हा टोमणा म्हणून काही वाईट नाही, आणि तो पुन्हा येणार, हळदीकुंकवाला तर नक्की. त्या ऑस्ट्रेलियाच्या मॅचला जेमिमा पाचव्या नंबरवर जाणार होती. तिसऱ्या नंबरवर, म्हणजे वन डाऊन जायचंय, हे तिला मैदानात उतरायच्या पाच मिनिटं आधी कळलं. मॅचनंतर तिनेच सांगितलं. तेव्हा जाऊबाईंनी विचारलं की तिळगुळाची वाटी पुढे करा आणि म्हणा, “वन डाऊन. पण मला आत्ताच कळलं.”